रोजकीर्द, खतावणी आणि संगणकाचे शिक्षण
भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर घडवण्याची रीत शिकवण्याविषयी

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. वाणिज्य शाखेची पदवी आणि नंतर वडिलांच्या दुकानाची गादी, हे एके काळचे ठरलेले उत्तर आता एकमेव राहिलेले नाही. संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी, बीसीए, बीबीए अशी नावे आजी-आजोबांच्याही तोंडी रुळली आहेत. त्यासाठी आता दरवेळी पुणे शहर गाठावे लागते असेही नाही. भोर तालुक्यात पुणे-बंगळूर महामार्गाच्या परिसरात धांगवडी आणि नायगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली आहेत आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. राजगड-तोरण्याच्या कुशीतील वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, खेड्यांतून मुले-मुली चेलाडी फाट्यापर्यंत येतात आणि तेथून महामार्गाने पुढे महाविद्यालयात जातात. ज्या घरात कोणीच पदवीधर नव्हते, अशा घरातील मुलगी आज संगणकाची पदवी घेत असते. ही समाधानाची बाब आहे.

समाधानाबरोबर एक काळजीही आहे. चार वर्षे शुल्क भरले, परीक्षा उत्तीर्ण झाली, गुणपत्रिका उत्तम आली, आणि तरीही पहिल्याच मुलाखतीत विद्यार्थी अडखळतो, असे अनेक घरांत घडते. त्याला भाषा येते, व्याख्या पाठ असतात. ‘तू काय घडवलेस, कोणाबरोबर घडवलेस, ते बरोबर चालते हे कसे तपासलेस, चूक सापडल्यावर काय केलेस?’ असे विचारले की मात्र सांगण्यासारखे फारसे नसते. हा बुद्धीचा दोष नव्हे. कामाची रीत त्याला कोणी शिकवलेलीच नसते.

शहरातील मुलाला ही रीत महाविद्यालयाबाहेरही शिकता येते. शेजारच्या इमारतीत कोणी अभियंता असतो, सुटीत एखाद्या कंपनीत उमेदवारी मिळते, मित्रांच्या गप्पांतून नवे काही कळते. वेल्ह्याच्या खोऱ्यातील विद्यार्थ्याला असा दुसरा आधार बहुधा नसतो. त्याच्यासाठी वर्ग हेच एकमेव ठिकाण आहे. म्हणून आधुनिक पद्धती शिकवण्याची निकड पुण्याच्या मध्यवस्तीपेक्षा भोर-वेल्ह्यात अधिक आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

लिहिणे वेगळे, घडवणे वेगळे

एकट्याने शंभर ओळींचा प्रोग्राम लिहिणे आणि दहा जणांनी मिळून, अनेक वर्षे चालणारे, रोज बदलणारे सॉफ्टवेअर घडवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद जगाच्या लक्षात आला त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुरस्काराने एक परिषद भरली. मोठी सॉफ्टवेअर वेळेवर होत नाहीत, ठरलेल्या खर्चात होत नाहीत आणि झाली तरी चुकतात, ही तेथील चर्चेची चिंता होती. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव त्या परिषदेमुळे रूढ झाले.

पुढे १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात कामाच्या पायऱ्या मांडल्या : आधी गरज समजून घ्यावी, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी. धबधब्याप्रमाणे एकीतून दुसरीत उतरणारी ही रीत पाठ्यपुस्तकांनी उचलली. मात्र तपासणी अगदी शेवटी ठेवणे धोक्याचे आहे, असा इशारा स्वतः रॉइस यांनी त्याच निबंधात दिला होता आणि तो पुष्कळांच्या नजरेतून निसटला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जाणकार एकत्र आले आणि त्यांनी ‘अजाइल’ या नावाने ओळखला जाणारा छोटासा जाहीरनामा काढला. काम लहान तुकड्यांत करावे, प्रत्येक तुकडा वापरणाऱ्याला दाखवावा, त्याचे ऐकावे आणि बदलाला तयार राहावे, असे त्याचे सार आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ हे साधन तयार केले आणि अनेकांनी मिळून कोड लिहिण्याची व्यवस्थित सोय झाली. आज जगभरातील बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या गिटवर काम करतात.

आपल्या ओळखीची रीत

हे सारे परके आणि अवघड वाटण्याचे कारण नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हिशोबाच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्या घरांना यातील तत्त्वे चांगली परिचित आहेत.

रोजकीर्दीचा पहिला नियम असा की झालेला व्यवहार त्याच दिवशी, तारखेनिशी आणि कशाबद्दल ते लिहून नोंदवायचा. गिटमधील ‘कमिट’ म्हणजे अशीच नोंद होय. कोणी, केव्हा, कोणता बदल केला आणि कशासाठी केला, हे तीत असते. पक्क्या वहीत खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करायची, हा दुसरा नियम. गिटमध्येही चुकीचा बदल मागे घेण्यासाठी ‘रिव्हर्ट’ नावाची उलट नोंद करतात. मूळ नोंद आणि तिची दुरुस्ती दोन्ही इतिहासात राहतात. शिवाय प्रत्येक नोंदीची खूण तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणिताने काढलेली असते. मधले एखादे पान कोणी गुपचूप बदलले, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि ते उघड होते.

कच्च्या वहीत आधी मांडणी करून मग पक्क्या वहीत उतरवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. गिटमधील ‘ब्रांच’ ही अशी कच्ची वही असते. विद्यार्थी आपला प्रयोग तेथे करतो, सहकारी तो वाचून पाहतो, आणि पटले तरच तो मुख्य प्रवाहात मिसळतो. दिवाणजींनी लिहिलेले मालकांनी नजरेखालून घालावे, तसे हे ‘कोड रिव्ह्यू’. त्यात अविश्वास नसतो. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक सहज दिसत नाही, हा अनुभव त्यामागे आहे.

राहिली शिल्लक. दुकान बंद करण्याआधी रोख मोजून वहीशी जुळवण्याचा शिरस्ता असतो. रोज जुळवले तर पाच रुपयांचा फरक त्याच दिवसाच्या दहा-वीस नोंदींत सापडतो. दिवाळीपर्यंत थांबले तर तोच फरक हजारो नोंदींत शोधावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये यालाच ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. प्रत्येक बदलानंतर सर्वांचे काम एकत्र करायचे आणि आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या यंत्राकडून आपोआप चालवून घ्यायच्या. चूक आजची असेल तर ती आजच सापडते.

अनेकांच्या प्रतींमधून एक विश्वासार्ह पाठ तयार करणे, हेही पुण्याला नवे नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेऊन, पाठभेदांची काटेकोर नोंद ठेवून १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. कोणता पाठ स्वीकारला, कोणता तळटीपेत ठेवला, हे तेथे प्रत्येक ठिकाणी दिसते. संगणकावर दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले, तर कोणता ठेवायचा याचा निर्णयही असाच विचारपूर्वक आणि नोंद ठेवून करायचा असतो.

तपासणी राहिली तर

तपासणीचे महत्त्व वेल्हे तालुक्याला वेगळे सांगायला नको. याच तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. बांधकाम पुरते व्हायच्या आत, पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अपुरे काम आणि त्यावर आलेला पुरा भार यांची गाठ पडली की काय होते, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे.

व्यापारी वाचकांना जवळचे वाटेल असे सॉफ्टवेअरचे उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चे आहे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवे सॉफ्टवेअर चढवायचे ठरवले. त्यांपैकी एकावर ते चढलेच नाही आणि तेथे जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला. बाजार उघडल्यावर त्याने भराभर चुकीचे सौदे केले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरचा फटका बसला आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व पुढे टिकले नाही. नवे सॉफ्टवेअर हाताने चढवण्याऐवजी ते आपोआप सर्वत्र चढेल आणि चढले की नाही याची पडताळणी होईल अशी व्यवस्था, तसेच वापरात नसलेला कोड वेळीच काढून टाकण्याची सवय, या दोन साध्या गोष्टी तेथे कमी पडल्या. दोन्ही वर्गात शिकवता येण्यासारख्या आहेत.

वर्गात हे कसे शिकवावे?

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या विषयाला जागा नाही असे नव्हे. संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या आराखड्यात सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा विषय दुसऱ्या वर्षाला होता आणि प्रकल्पाधारित अध्ययनही होते. प्रश्न तो कसा शिकवला जातो याचा आहे. व्याख्या लिहून घ्यायच्या, आकृत्या वहीत काढायच्या, प्रात्यक्षिकांची फाइल पुरी करून सही घ्यायची आणि वर्षअखेरीस एक प्रकल्प दाखवायचा, असा क्रम झाला की रीत बाजूला राहते आणि कागद उरतो. पोहण्याचे पुस्तक पाठ करून नीरेच्या पात्रात उतरता येत नाही, तसेच हे आहे.

त्याऐवजी एक सत्र असे आखता येईल. वर्गात ६० विद्यार्थी असतील तर चार-चारांचे १५ गट करावेत आणि आपल्याच परिसरातील एक खरे काम घ्यावे. समजा, गावातील दूध संकलन केंद्राचा हिशोब. लिटर, फॅट आणि त्यानुसार दर, एवढेच तर आहे, असे प्रथम वाटते. मग विद्यार्थ्यांनी केंद्रावर जाऊन तेथील लेखनिकाजवळ बसावे. दहा दिवसांचा हिशोब करताना मध्येच दर बदलला तर? दहाव्या दिवसाच्या संध्याकाळचे दूध कोणत्या हिशोबात धरायचे? यंत्र बंद पडून फॅट मोजता आले नाही तर? पेंडीची उचल कोठे वजा करायची? हे प्रश्न पुस्तकात नसतात, ते माणसाशी बोलून कळतात. वापरणाऱ्याचे ऐकणे हा अजाइल पद्धतीचा गाभा आहे, आणि ते कौशल्य खेड्यातील मुलाकडे पुष्कळदा शहरी मुलापेक्षा अधिक असते. त्याला त्या लेखनिकाची भाषा येते.

पहिल्या दोन आठवड्यांत केवळ गिटचा सराव द्यावा. कोड अगदी लहान असला तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून चाचण्या लिहायला लावाव्यात. साडेसात लिटर दूध, दर लिटरला ३६ रुपये, तर उत्तर २७० रुपये आलेच पाहिजे. शून्य लिटर आले तर काय, उणे आकडा आला तर काय, हे आधी लिहून मग हिशोबाचा कोड लिहावा. दर दोन आठवड्यांनी चालणारा एक छोटा तुकडा सर्वांसमोर दाखवावा. प्रत्येक बदल दुसऱ्या सहाध्यायाने वाचल्याशिवाय मुख्य प्रवाहात घेऊ नये.

नवव्या आठवड्यात शिक्षकांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, मागणीत बदल करावा : आता गाईचे आणि म्हशीचे दूध वेगळे धरायचे आहे. दोन, गटांचा कोड आपसांत बदलावा. पहिल्या गटाने तिसऱ्याचे काम पुढे न्यावे, तिसऱ्याने सातव्याचे. नोकरीत लागल्यावर पहिली कित्येक वर्षे दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि सुधारण्यात जातात. त्याचा अनुभव येथे मिळतो, आणि नावे नीट का द्यावीत, चाचण्या का लिहाव्यात, याची कारणे व्याख्यानाविना उमगतात.

गुणदानही बदलावे लागेल. अंतिम सादरीकरणालाच सारे गुण दिले तर गटातील एक जण रात्री जागून सगळे लिहितो आणि तिघे नावापुरते राहतात. गिटच्या इतिहासात कोणी केव्हा काय केले ते दिसते, त्याचा उपयोग शिक्षकांना होतो. मात्र नोंदींची नुसती संख्या मोजू नये. मोजू लागताच विद्यार्थी पोकळ नोंदी वाढवतात. निवडक चार-पाच नोंदी उघडून ‘हा बदल का केला?’ असे समोर बसवून विचारणे अधिक खरे. गटातील कामेही आलटून-पालटून द्यावीत. अहवाल आणि सादरीकरण मुलींनी करायचे, कोड मुलांनी लिहायचा, अशी वाटणी होऊ देऊ नये. मुलीची पदवी तिच्या हातून लिहिल्या गेलेल्या कोडाने भक्कम होते.

साधने आणि अडचणी

या शिक्षणाला फार पैसा लागत नाही. गिट विनामूल्य आहे, लिनक्स विनामूल्य आहे आणि जुन्या संगणकांवरही चालते. वेल्ह्याच्या दुर्गम वाड्यांत मोबाइलची रेंज लपंडाव खेळते, ही खरी अडचण आहे. परंतु गिटची रचनाच अशी आहे की कामाचा संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर असतो. विद्यार्थी घरी बसून, इंटरनेटशिवाय, नोंदी करू शकतो, जुन्या नोंदी पाहू शकतो, नवी ब्रांच काढू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात पोहोचल्यावर सर्व काम एकदम पाठवू शकतो.

भाषेचीही अडचण आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याख्यान अर्धवट समजते आणि विचारायचा संकोच वाटतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाने लिनक्स आणि प्रोग्रामिंगचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतूनही उपलब्ध केले आहेत. ते वर्गात जरूर वापरावेत. चर्चा मराठीत व्हावी, कोडातील नावे आणि नोंदी सोप्या इंग्रजीत असाव्यात. विचार मातृभाषेत स्पष्ट झाला की तो इंग्रजीत मांडणे जड जात नाही.

आणखी एक प्रश्न आज प्रत्येक पालक विचारतो. कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहू लागली, मग हे शिकून काय उपयोग? यंत्र क्षणात दोनशे ओळी लिहून देते हे खरे. त्या बरोबर आहेत की नाहीत, दूध केंद्राच्या खऱ्या नियमांशी जुळतात की नाहीत, याची जबाबदारी मात्र यंत्र घेत नाही. त्या ओळी वाचणे, त्यांच्यासाठी चाचणी लिहिणे आणि न पटल्यास नाकारणे हे माणसाचे काम आहे. ज्याने केवळ भाषेचे व्याकरण पाठ केले त्याला या यंत्राचे भय आहे. ज्याने तपासण्याची रीत शिकली, त्याच्या हाती ते एक चांगले साधन आहे.

समाजाने काय करावे?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जो पदवी अभ्यासक्रम लागू झाला, त्यात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. विद्यार्थ्यांना खरे काम हवे आहे आणि महाविद्यालये ते शोधत असतात. आपल्या समाजात दुकाने आहेत, पेढ्या आहेत, पतसंस्था, वसतिगृहे, ग्रंथालये आहेत. मालाचा साठा, ग्रंथांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी लहान कामे विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला द्यावीत. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास त्यांच्यासाठी काढावा, त्यांनी केलेले पाहावे आणि काय चुकते ते मोकळेपणाने सांगावे. हा अर्धा तास हेच मोठे दान ठरेल.

त्यात एक पथ्य पाळावे. ग्राहकांची खरी नावे, दूरध्वनी क्रमांक, उधारीचे आकडे विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. सरावासाठी कल्पित माहिती तयार करून द्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीच्या जपणुकीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. दुसऱ्याची माहिती ही ठेव आहे, हेही विद्यार्थ्याने याच वयात शिकावे.

आपल्यातील जे तरुण पुण्यात किंवा परदेशी सॉफ्टवेअर क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांनी देणगीबरोबर वेळही द्यावा. भोरच्या एखाद्या गटाचा कोड महिन्यातून एकदा वाचून चार सूचना लिहिणे, हे बॉस्टनमध्ये बसूनही करता येते. शिक्षकांनाही या ओळखीचा उपयोग होतो. एकट्या शिक्षकाने ६० जणांचा कोड वाचणे कठीण असते, आणि चांगल्या कामाची उदाहरणे त्यांच्याही हाती यावी लागतात.

प्रवेश घेताना पालक शुल्क, वसतिगृह आणि नोकरीचे आकडे विचारतात, ते विचारावेतच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाचा कोड दुसरे कोणी वाचते का? तो चाचण्या लिहितो का? पदवी घेताना त्याच्याकडे चार वर्षांच्या कामाची तारखेनिशी नोंद असेल का? ही उत्तरे होकारार्थी असतील, तर महाविद्यालय धांगवडीचे आहे की पुण्याचे, याने फार फरक पडणार नाही. मुलाखतीला बसलेल्या त्या विद्यार्थ्याजवळ दाखवण्यासाठी स्वतःची वही असेल, आणि तिच्यातील प्रत्येक नोंद त्याला समजावून सांगता येईल.